दरबाराचा शब्द आणि कंपनीचा शब्द : वीर तिरोत सिंग



१८२६ च्या यांदाबोच्या तहाने ब्रह्मपुत्रेचे खोरे ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आले. दक्षिणेकडचे सिलहट आधीच तिच्या ताब्यात होते. मध्ये उभ्या होत्या खासी टेकड्या. त्यांतून गुवाहाटी-सिलहट असा थेट रस्ता काढण्याची निकड कंपनीचा प्रतिनिधी डेव्हिड स्कॉट याला भासू लागली आणि त्याची नजर नोंगख्लाववर गेली.

नोंगख्लावचा सियेम, म्हणजे राजा, होता तिरोत सिंग. खासी परंपरेत सियेम स्वतःच्या मर्जीने राज्याचा निर्णय घेत नाही. तिरोत सिंगांनी दरबार भरविला, दोन दिवस खल चालला आणि मगच रस्त्याला संमती मिळाली. ज्यांना इंग्रज रानटी समजत, त्या वनवासी समाजाची ही सभा! मोबदल्यात, पायथ्याच्या सुपीक दुआर प्रदेशावरील सियेमचा हक्क मानण्याचे स्कॉटने कबूल केले होते.

हा शब्द फार काळ टिकला नाही. राणी येथील राजा बलराम सिंग याने त्या प्रदेशावर दावा सांगितला. डिसेंबर १८२८ मध्ये तिरोत सिंग तेथे गेले, तेव्हा त्यांची वाट अडविली ती कंपनीच्याच शिपायांनी. पाठोपाठ आसामातून अधिक फौज येत असल्याची वार्ता आली. खासींवर कर बसणार, अशी कुणकुणही लागली. रस्ता कशासाठी हवा होता, याविषयी आता संशय उरला नाही.

४ एप्रिल १८२९ रोजी नोंगख्लावच्या ठाण्यावर हल्ला झाला. लेफ्टनंट बेडिंगफिल्ड आणि बर्लटन मारले गेले. स्कॉट चेरापुंजीला गेलेला असल्याने बचावला. पुढे जवळजवळ चार वर्षे धनुष्यबाण आणि तलवारी विरुद्ध बंदुका असा गनिमी काव्याचा लढा चालला. (याच काळात, १८३२ मध्ये, पुण्यात उमाजी नाईक फासावर गेले.) खासींना खरी झळ पोहोचली ती नाकेबंदीची. धान्य-मिठासाठी ज्या पायथ्याच्या बाजारांवर त्यांची भिस्त होती, तेच इंग्रजांनी बंद केले. गावे जाळली गेली, एकेक सरदार शरण गेला.

प्राण घेतले जाणार नाहीत, या अटीवर जानेवारी १८३३ मध्ये तिरोत सिंग शरण आले. त्यांना ढाक्याला नेण्यात आले. १८३४ मध्ये त्यांचा भाचा रजन सिंग याला कंपनीने आपल्या अटींवर गादीवर बसविले, आणि रस्ता अखेर तिच्याच हाती गेला. १७ जुलै १८३५ रोजी, आपल्या टेकड्यांपासून दूर ढाक्यात, बंदिवासातच तिरोत सिंगांनी देह ठेवला.