अमेरिकेची घटना आणि आपल्या गावची विहीर
(वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपली राज्यघटना म्हणजे अमेरिकेची नि इंग्लंडची नक्कल, असे पारावर बसून बोलणारे लोक आजही भेटतात. त्यांच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा अमेरिकेच्या राज्यकारभाराची मुळे कुठली, त्यातले परमपूज्य बाबासाहेबांनी काय घेतले नि काय नाकारले, एवढेच आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

१७७६ साली तेरा वसाहतींनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. त्यामागे जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाचा विचार होता : काही हक्क माणसाला जन्मानेच मिळतात आणि सरकार चालते ते लोकांच्या संमतीने. फ्रान्सचा माँतेस्क्यू म्हणाला होता की कायदा करणारा, तो राबवणारा आणि न्याय देणारा एकच झाला की जुलूम आलाच. म्हणून १७८७ साली फिलाडेल्फियात लिहिलेल्या घटनेत काँग्रेस, अध्यक्ष आणि सर्वोच्च न्यायालय असे तीन वाटे झाले.

याच लढ्यात थॉमस पेन होता, इंग्लंडातल्या एका कारागिराचा पोर. त्याचे ‘राइट्स ऑफ मॅन’ हे पुस्तक जोतीराव फुल्यांनी १८४७ च्या सुमारास वाचले. पुढे १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले, तेही गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. म्हणजे अमेरिकेचा विचार आपल्या महाराष्ट्रात आला तो काही १९४७ नंतर घाईघाईने उचललेला नव्हे.

पण त्या घटनेत खोट होती. सुरुवात ‘आम्ही लोक’ अशी, आणि आत काय, तर प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे धरायची! आता बघा, गावच्या शिरगणतीत आमची डोकी मोजायची, त्या जोरावर पाटलाच्या जागा वाढवायच्या, आणि आम्हाला मत मात्र नाही. पळालेला गुलाम मालकाला परत करण्याचे कलमही त्यातच होते. बायकांना देशभर मताचा हक्क मिळायला तर १९२० उजाडले.

यादवी युद्धानंतर १८६५ साली तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपवली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने सर्वांना कायद्याचे समान संरक्षण दिले. आपल्या घटनेच्या कलम १४ मध्ये हे शब्द आहेत, आणि ते तिथूनच आले, हे मान्य करायला आम्हाला संकोच वाटत नाही. घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कुणाची मक्तेदारी नसते, हे बाबासाहेबांनीच ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत सांगितले होते.

खरी गोष्ट पुढेच आहे. १८८३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चौदावी दुरुस्ती सरकारचे हात बांधते, खाजगी माणसाचे नाही. खानावळवाल्याने काळ्या माणसाला दारातून हाकलले, तर घटना त्याच्या आड येत नव्हती. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, जॉन ड्युई यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. काळ्या लोकांच्या प्रश्नाचा त्यांचा अभ्यास होता. १९४६ साली त्यांनी तिथले नेते ड्यू बॉइस यांना पत्रही लिहिले.

आपल्याकडे विहिरीवरून कोण हाकलत होते? सरकार नव्हे, शेजारी. हॉटेलात फुटक्या कानाची वेगळी कपबशी खुंटीला कोण टांगत होते? नुसते सरकारचे हात बांधून ती कपबशी खाली उतरली नसती. म्हणून कलम १५ मध्ये दुकाने, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते अशी नावे घेऊन लिहिले आहे, आणि कलम १७ ने अस्पृश्यता पाळणाऱ्या माणसालाच गुन्हेगार ठरवले. अमेरिकेत हॉटेलाचे दार कायद्याने सर्वांना उघडले ते १९६४ साली. आता नक्कल कुणी कुणाची केली म्हणायची?

अमेरिकेचे दुहेरी नागरिकत्व आपण घेतले नाही. अध्यक्षीय पद्धतही नको म्हटले. स्थैर्य थोडे कमी चालेल, पण सरकारला रोजच्या रोज जाब विचारता आला पाहिजे, हा विचार त्यामागे होता. आणि सभेचे नियम आपण सगळेच साहेबाकडून शिकलो असेही नाही. ठराव मांडणे, गणपूर्ती, शलाकांनी गुप्त मतदान हे भिक्खू संघात होते, याची आठवण बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात करून दिली.

राहता राहिला आपला जालना. तेव्हा तो औरंगाबाद जिल्ह्यात, निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपले आणि दीड महिन्यातच बाबासाहेबांनी मसुदा मांडला. घटना समितीत हैदराबादचा एकही प्रतिनिधी बसलेला नव्हता. तरीही १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत आपल्या आज्या-पणज्यांनी अंगठेबहाद्दर असूनही मत टाकले. त्या वेळी अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसाला मत देण्याआधी लिहिण्या-वाचण्याची परीक्षा द्यावी लागत होती, आणि तो अडसर मोडणारा कायदा १९६५ साली झाला.

वेळ संपली, आम्ही इथेच थांबतो. जय भीम.