नमुना घेतला, उत्तर राहिलं



आज सकाळी भोपाळमध्ये गाडीतून उतरलेल्या पाहुण्यांना फलाटावर राणी कमलापती हे नाव दिसलं असेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये स्थानकाचं नाव बदललं, पण रिक्षावाला अजून हबीबगंजच म्हणतो. इथून होशंगाबाद रोडनं थोडं पुढे गेलं की आरआरएल तिराहा लागतो. बसचे कंडक्टर दिवसभर ही तीन अक्षरं पुकारत असतात. त्यांचा अर्थ काय, असं मी दरवर्षी नव्या वर्गाला विचारत आलो. उत्तर क्वचित मिळायचं. रीजनल रिसर्च लॅबोरेटरी, सीएसआयआरची प्रयोगशाळा, १९८१ साली सुरू झालेली. तिचंही नाव बदललं, आता ती ॲम्प्री आहे. वीजकेंद्रांतून निघणारी राख, ॲल्युमिनियमच्या कारखान्यांतला लाल गाळ, घायपाताचा धागा, अशा टाकाऊ किंवा दुर्लक्षित गोष्टींपासून उपयोगी पदार्थ करण्याचं काम तिथे चालतं, तुमच्या-माझ्या करातून. त्या तिराह्यावर रोज उतरणाऱ्या माणसाला भिंतीच्या आतलं काही माहीत नसतं. त्याला कुणी सांगितलंच नाही, तर माहीत होणार कसं?

पण राख आणि गाळ थांबू शकतात. भोपाळमध्ये उभं राहून सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाबद्दल बोलायचं, तर जुन्या शहराकडे, जयप्रकाश नगर, काझी कँप, छोल्याकडे वळावंच लागतं.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट हवेत गेलं. तो इतिहास या सभागृहात पुन्हा सांगायला नको. आपल्यातल्या काहींनी तो अंगावर घेतला आहे. मी तेव्हा कॉलेजात होतो. आमच्या वस्तीपर्यंत गॅस आला नाही. पुढच्या वर्षी एका पाहणीत मदतनीस म्हणून आम्हा मुलांना घेतलं. घरोघर जायचं, फॉर्म भरायचा, डॉक्टर रक्ताचा नमुना घेत असताना नाव-पत्ता लिहायचा. छोल्यातल्या एका बाईंनी हात पुढे केला आणि बाटली भरल्यावर मला विचारलं, "बेटा, इसमें क्या निकलेगा, बताने आओगे ना?" मी हो म्हणालो. परत गेलो नाही, कारण काय निघालं ते मलाही कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. आज चाळीस वर्षं उलटली तरी त्या 'हो'चं ओझं उतरलेलं नाही.

आता मोठ्या पटावर काय झालं ते पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, गांधी मेडिकल कॉलेजात गॅस दुर्घटना संशोधन केंद्र उभं केलं. वस्त्यांची तीव्र, मध्यम आणि सौम्य बाधित अशी विभागणी केली. ८० हजारांहून जास्त बाधित माणसं आणि तुलनेसाठी गॅस न पोचलेल्या भागांतली सुमारे १६ हजार माणसं नोंदवली. त्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करायचा, कोण वारलं, कुणाला धाप लागते, कुणाचा गर्भपात झाला हे टिपत राहायचं. औद्योगिक दुर्घटनेनंतर एवढ्या मोठ्या लोकसंख्येचा असा अभ्यास जगात फार ठिकाणी झालेला नाही. ज्यांनी तो केला ते डॉक्टर, समाजसेवक, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ यांच्या कष्टांपुढे मी मान झुकवतो. घर सोडून गेलेल्या माणसाचा पत्ता शोधत गल्लोगल्ली फिरणं म्हणजे काय, हे मी थोडंफार अनुभवलं आहे.

हे काम आयसीएमआरनं १९९४ मध्ये थांबवलं. त्या दहा वर्षांचा साथरोगशास्त्रीय अहवाल छापून आला २००४ मध्ये. विकृतिशास्त्र आणि विषशास्त्राचा अहवाल २०१० मध्ये. दरम्यान त्या ८० हजारांतली किती माणसं आपल्या शरीराबद्दल काय कळलं हे न कळताच गेली असतील, याचा विचार करा.

उशिराचं कारण सांगितलं जातं की भरपाईचा दावा चालू होता, म्हणून माहिती गोपनीय ठेवावी लागली. हे कारण मी गंभीरपणे घेतो. सरकार वादी असेल तर वकिलाला हातचं राखावंसं वाटेल. पण तडजोड झाली फेब्रुवारी १९८९ मध्ये, ४७ कोटी डॉलरला. त्यानंतर पंधरा वर्षं कशासाठी? शिवाय ज्यांच्यासाठी दावा लढला जात होता त्यांच्याचपासून त्यांचा आजार लपवायचा, हे कुठल्या न्यायात बसतं? सोडियम थायोसल्फेट या विषावरच्या उताऱ्याचंच घ्या. आयसीएमआरच्या स्वतःच्या चाचणीत ही इंजेक्शनं दिल्यावर रुग्णांच्या लघवीत थायोसायनेट, म्हणजे विष बाहेर पडत असल्याची खूण, वाढलेलं आढळलं, आणि परिषदेनं उपचाराच्या सूचनाही काढल्या. तरी डॉक्टरांमध्ये वाद पेटलेलाच राहिला, आणि जून १९८५ मध्ये ही इंजेक्शनं देणाऱ्या स्वयंसेवी दवाखान्यावर पोलिसांचा छापा पडला. वाद शास्त्रीय होता, असू द्या. शास्त्रात वाद व्हायलाच हवेत. पण ज्याच्या दंडात सुई टोचायची त्याला दोन्ही बाजू त्याच्या भाषेत कुणी समजावल्या?

याच शहरात वेगळंही घडलेलं आहे. मार्च १९८५ मध्ये मेडिको फ्रेंड सर्कलच्या डॉक्टरांनी जयप्रकाश नगर आणि अण्णा नगर यांची तुलना केली. एक वस्ती कारखान्यासमोरची, दुसरी तिथून दूर, आपल्या या बाजूची. माणसं मोजकी, पैसा तुटपुंजा, दिवसही थोडेच. अहवाल त्याच वर्षी लोकांसमोर ठेवला. त्यात उणिवा असतील, पण तो वेळेवर आला, म्हणून त्याच्यावर भांडता आलं. आणि त्याआधी, १९८२ मध्येच, राजकुमार केसवानी नावाच्या तरुण पत्रकारानं आपल्या 'रपट' साप्ताहिकात कारखान्याच्या धोक्याबद्दल लिहिलं होतं. ते रसायनशास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी कागद मिळवले, समजून घेतले आणि हिंदीत सोपं करून मांडले. शहरानं ऐकलं नाही. आपलं काम कोणतं, हे मला केसवानींकडे पाहून कळतं.

हे सगळं चाळीस वर्षांपूर्वीचं, आता माहितीचा अधिकार आहे, असं कुणी म्हणेल. म्हणून अलीकडची गोष्ट सांगतो. कारखान्याच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या पहिल्याच दिवसांत १२ कंटेनरमधून धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला नेला. तिथल्या भट्टीत २०१५ मध्ये १० टन कचरा जाळून चाचणी झाली होती. धूर, राख, पाणी यांच्या मोजण्या झाल्या होत्या. म्हणजे दहा वर्षं आकडे कागदावर होते. पीथमपूरच्या माणसाला त्यातलं काय कळलं होतं? ३ जानेवारीला लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी स्वतःला पेटवून घेतलं. त्यानंतर सरकारनं उच्च न्यायालयाकडे मुदत मागितली आणि लोकांना समजावण्याची मोहीम काढली. पुढे तीन चाचण्या झाल्या आणि जूनअखेर उरलेला कचराही जाळून झाला. ती मोहीम चाचणीनंतर लगेच, २०१५ मध्ये, निघाली असती तर? धार आणि इंदूरकडचे आपले पुष्कळ नातेवाईक तिथल्या कारखान्यांत कामाला आहेत. ते मला फोनवर विचारत होते, "काका, पाणी प्यावं का?" या प्रश्नाला भिऊन केलेला आरडाओरडा म्हणू नका. मला त्यात चाळीस वर्षांपूर्वी छोल्यात ऐकलेलाच प्रश्न ऐकू आला.

लोकांना विज्ञान पेलत नाही, ही सबब मला अजिबात मान्य नाही, आणि तिच्याविरुद्धचा पुरावा इथून रेल्वेनं दोन तासांच्या आत आहे. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत किशोर भारती ही स्वयंसेवी संस्था आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी विज्ञान शिकवण्याचा नवा कार्यक्रम सुरू केला. टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आणि दिल्ली विद्यापीठ इथले वैज्ञानिक गावच्या शाळांत येऊन शिक्षकांबरोबर जमिनीवर बसले. १९७८ मध्ये तो जिल्ह्याच्या सगळ्या उच्च प्राथमिक वर्गांत गेला, १९८२ मध्ये त्यातून भोपाळची एकलव्य ही संस्था उभी राहिली. मुलं 'सवालीराम'ला पत्रं लिहायची. असा कुणी माणूस नव्हता, पण पत्राला उत्तर यायचं, कारण कुणीतरी शास्त्रज्ञ बसून ते लिहायचा. पोस्टकार्डावर आलेल्या प्रश्नाला देशातल्या नामवंत प्रयोगशाळेनं उत्तर द्यावं, यापेक्षा सुंदर सार्वजनिक विज्ञान मला ठाऊक नाही. २००२ मध्ये राज्य सरकारनं तो कार्यक्रम बंद केला. पुण्याचं 'शैक्षणिक संदर्भ' हे नियतकालिक ज्या 'संदर्भ'वरून स्फूर्ती घेऊन निघालं, ते एकलव्यचंच, हे मराठी वाचकांनी लक्षात ठेवावं.

आज केंद्र सरकारनं 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेत तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये दिले आहेत. हजारो सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना सुमारे १३ हजार संशोधन नियतकालिकं वाचता येतात. मी या योजनेचं मनापासून स्वागत करतो. माझ्या विद्यार्थ्यांना एकेका निबंधासाठी किती हात पसरावे लागायचे ते मी पाहिलं आहे. पण जुन्या शहरातल्या आरिफ नगरची बाई कुठल्याही संस्थेची सदस्य नसते. तिच्या रक्तावरचा निबंध परदेशी प्रकाशकाकडून विकत घेऊन आपण तिच्या शहरातल्या प्राध्यापकाला देऊ, आणि तो तिला काही सांगणार नाही, असं होता कामा नये.

म्हणून माझं मागणं एकच आहे. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक अभ्यासात, जिथून नमुना घेतला त्या दारापर्यंत उत्तर परत नेण्याचा खर्च आणि माणूस सुरुवातीलाच धरलेला असावा. दोन पानं, तिथल्या बोलीत, आकडे न लपवता, आणि 'अजून नक्की कळलेलं नाही' हेही स्पष्ट लिहून. ही दोन पानं शास्त्रज्ञ एकटा लिहू शकणार नाही. तिथे आपण हवेत. भोपाळच्या मराठी माणसाची एक जमेची बाजू आहे. तो घरी मराठी बोलतो, बाजारात हिंदी, आणि इंग्रजी अहवाल वाचू शकतो.

आयसीएमआरच्या २००४ च्या अहवालाची एक प्रत मी बरोबर आणली आहे, ती मागच्या टेबलावर ठेवली आहे. उद्याच्या कार्यशाळेत आपण त्यातलं श्वसनविकारांचं प्रकरण घेऊ. चार-चार जणांचे गट करा. एका गटानं हिंदीत लिहायचं, एकानं मराठीत, आणि दुपारी ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. छोल्याहून काही बायका येणार आहेत. त्यांना जे वाक्य कळणार नाही ते तिथल्या तिथे खोडायचं. येताना खोडरबर आणा, पेन्सिली मी आणतो.