हाताचा पूल, पायांचा घोडा
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचे शब्दांकन)



दरवर्षी या व्यासपीठावर मी माइक नीट चालतो का ते बघायला येतो. माइकसमोर उभा राहण्याची ही पहिलीच वेळ. कार्यवाह म्हणाले, "तुम्ही या वयात कुंग फू शिकताय म्हणे, त्यावर बोला." त्यातलं 'या वयात' त्यांनी जरा जोरातच म्हटलं.

माझं वय 44 होतं. घरचं जुनं शिसवी कपाट दुरुस्त करायचं होतं, म्हणून मध्य कोलकात्यातल्या एका वृद्ध चिनी सुतारांकडे गेलो. आपल्या या शहरात हक्का चिनी लोक चामड्याच्या धंद्यात, तर कँटनकडून आलेले सुतारकामात नावाजलेले. त्यांच्या मागच्या अंगणात चार-पाच मुलं अदृश्य स्टुलावर बसल्यासारखी उभी होती. मी बघतच राहिलो. म्हातारबाबा हिंदीत म्हणाले, "देखने से नहीं आएगा, इंजीनियर बाबू."

ही विद्या म्हणजे हुंग गार, दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतातली. वाघ आणि सारस या दोन प्राण्यांच्या हालचाली तिच्या मुळाशी आहेत. वाघाचा पंजा सरळ घुसतो, पकडतो, खाली ओढतो. सारस समोरचा वार अंगावर न घेता बाजूला होतो, एका पायावर तोल सांभाळतो आणि बोटांची चोच करून नेमका टोचतो. जॅकी चॅनच्या 1978 च्या 'ड्रंकन मास्टर'मधला नायक आठवतो ना? तो वोंग फेई-हुंग खराखुरा माणूस होता. याच विद्येचा गुरू आणि हाडवैद्य. त्याचा शिष्य लाम साय-विंग व्यवसायाने खाटीक होता. त्याने हे डाव पुस्तकरूपात आणले, म्हणून ते जगभर पोचले.

मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी वाघ होईन. सिफूंनी, म्हणजे गुरुजींनी, घोडा केला! पाय फाकवून, गुडघे वाकवून, पाठ ताठ. 40 सेकंदांत माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. शेजारी सातवीतला एक बंगाली मुलगा आरामात उभा होता. तो माझा 'सिहिंग', म्हणजे थोरला गुरुबंधू, कारण तिथे ज्येष्ठता वयावर नाही, प्रवेशाच्या तारखेवर. रेल्वेतल्या मंडळींना हे समजावून सांगायला नको! डिप्लोमा करून लागलेल्या माझ्यासारख्याने सिनिऑरिटी लिस्ट पुष्कळ पाहिल्या, पण तेरा वर्षांच्या सिनिअरला नमस्कार पहिल्यांदाच केला.

चार महिने फक्त घोडा. कंटाळून एकदा विचारलं, तेव्हा सिफूंनी सांगितलं की या विद्येत पायांच्या बैठकीला 'घोडा' म्हणतात आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताला 'पूल'. समोरच्याची ताकद या पुलावरून येते, आपली याच पुलावरून जाते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रूळ कितीही उत्तम असो, स्लीपरखालचं पॅकिंग ढिलं असेल तर गाडी हेलकावणारच. मी हातांनी जोर लावत होतो आणि पॅकिंग ढिलं होतं.

पुढे पहिला क्रम सुरू झाला. त्यात पावलं टाकायची ती जमिनीवर '工' हे चिनी अक्षर उमटेल अशी. वर आडवी रेघ, मध्ये उभी, खाली आडवी. अहो, हा तर आपल्या रुळाचा छेद! हेड, वेब, फुट. चिनी लोक आय-सेक्शनच्या तुळईलाही याच अक्षराचं नाव देतात. आणि अक्षराचा अर्थ काय, तर 'काम'.

एकदा मी विचारलं, "सिफू, तुमची मुलं शिकली का?" रंधा न थांबवता ते म्हणाले, "दोनों टोरंटो में हैं. टाइम नहीं मिला." त्यांच्या अंगणात शिकणाऱ्यांत आज एकही चिनी मुलगा नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे वडील गावच्या तालमीत लाठी आणि दांडपट्टा शिकवत. मी डिप्लोमाच्या अभ्यासात होतो. ते बोलवायचे आणि मी म्हणायचो, "अण्णा, याने नोकरी मिळणार आहे का?" त्यांनी पुन्हा कधी आग्रह केला नाही. 2011 साली ते गेले. लाठी घरी आहे, पण ती फिरवायची कशी हे विचारायला माणूस नाही.

आता रविवारी तालीम झाली की मी सिफूंकडून एकेक डाव समजून घेऊन वहीत आकृत्या काढतो. पाऊल कुठे, कोपर किती अंशात, श्वास केव्हा. ड्रॉइंग हेच काय ते मला येतं. ते चष्मा लावून तपासतात आणि चुकीवर सुताराच्या पेन्सिलीने फुली मारतात. फुल्या अजून भरपूर असतात.

माझं सारसासारखं एका पायावर उभं राहणं अजून डगमगतंच. पण या सभागृहात बसलेल्यांपैकी कुणाच्या आई ओव्या म्हणतात, कुणाच्या वडिलांना ढोलकी येते, कुणाच्या घरी मोडी वाचणारे आजोबा आहेत. या दहा दिवसांत त्यांच्यापुढे जाऊन बसा आणि 'मला शिकवा' म्हणा. चार दिवस हसं होईल, होऊ द्या. माझंही झालं.

गणपती बाप्पा मोरया!