चित्रपटाचें लहान यंत्र

दापोडीला मुळा आणि पवना या नद्या एकमेकींस मिळतात. तेथूनच पुढें पिंपरी-चिंचवडचा कारखान्यांचा पट्टा सुरू होतो. गांवाकडची शेती मागें ठेवून आलेलीं कितीतरी कुटुंबें या पट्ट्यांत संसार करीत आहेत. अशा एखाद्या कुटुंबाची कथा त्याच्याच दहा फुटी खोलींत चित्रित करावयाची आहे, असें समजा. स्टुडिओंतला फिल्मचा अवजड कॅमेरा, त्याची तिवई, मोठाले दिवे आणि तें सारें हलविणारीं माणसें आंत आलीं, म्हणजे घरच्या माणसांनाच बाहेर उभें राहावें लागेल! ही अडचण लहान डिजिटल कॅमेऱ्यानें दूर केली आहे.

यंत्र आपल्या हातीं असावें, ही ओढ मात्र महाराष्ट्राला नवी नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं लंडनहून विल्यम्सन कॅमेरा मिळविला आणि प्रथम वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेऊन टिपली. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनीं तर विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें १९१८ च्या सुमारास कॅमेराच घडविला. त्या काळीं कॅमेरा हातानें फिरवावा लागे. हात जलद झाला, कीं पडद्यावरचीं माणसें रेंगाळत. मंद झाला, कीं धांवूं लागत. बाबूरावांनीं १९२५ सालीं 'सावकारी पाश' काढला. सावकारापायीं जमीन गमावून शहरांत गिरणीकामगार होणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा दापोडीच्या कित्येक घरांना आजही परकी वाटणार नाहीं.

डिजिटल कॅमेऱ्यांत फिल्म नसते. भिंगांतून आलेला प्रकाश टपालाच्या तिकिटाएवढ्या संवेदकावर पडतो, त्याचें विजेंत रूपांतर होतें आणि सेकंदाला २४ चित्रें आंकड्यांच्या रूपानें सांठविलीं जातात. २००७ सालीं रेड वन आला. २०१३ मध्यें ब्लॅकमॅजिकचा तळहातावर मावणारा कॅमेरा. २०१५ मध्यें अ‍ॅलेक्सा मिनी, ज्याचें भिंगावांचून वजन सुमारें २.३ किलो. अशा कॅमेऱ्यांचा मोठा गुण हा, कीं अंधाऱ्या कोपऱ्यांत शेगडीपाशीं बसलेल्या आईचा चेहरा आणि दारांतलें दुपारचें ऊन, हीं दोन्ही एकाच चित्रांत टिकूं शकतात.

परंतु सोयीबरोबर जबाबदारीही येते. ३५ मिलिमीटरची हजार फूट फिल्म अकरा मिनिटांत संपे. म्हणून कॅमेरा सुरू होण्यापूर्वीं तालीम होई, विचार होई. आतां तासन्‌तास चित्रण करतां येतें आणि विचार संकलनाच्या मेजापर्यंत लांबणीवर पडतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मोठ्या यंत्राला कोणाच्याही घरांत शिरण्यापूर्वीं परवानगी मागावीच लागे. लहान यंत्र न सांगतांही शिरूं शकतें. म्हणून त्याच्या धन्यानें ती आपण होऊन मागितली पाहिजे.

ती मागून, त्या घराची रीत समजून घेऊन जो दापोडीच्या त्या खोलींत पाऊल टाकील, त्याच्यापुढें घरचीं माणसें आपल्या जागींच बसून राहतील. लहान यंत्राचें खरें सार्थक तेंच.