घरांतील टेलिफोनची जुनी तार

सोलापूरच्या जुन्या पेठांतून जातांना वाड्यांच्या दर्शनी भिंतींकडे जरा निरखून पाहावें. खिडकीच्या चौकटीवरून, तुळईच्या कडेनें, कोठें खिळ्याला अडकून तर कोठें चुन्याच्या थराखालीं दडून, एक बारीक काळी तार आंत शिरलेली दिसते. ही टेलिफोनची तार. आतां प्रत्येकाच्या खिशांत फोन आला आहे. तेव्हां ही तार काढून टाकावी, दुरुस्त करावी, कीं तिच्या जागीं कांचेचा नवा तंतु घ्यावा, हा प्रश्न पुष्कळ कुटुंबांत निघतो. तो सर्वस्वीं कारागिरावर सोंपवून मोकळें होण्याजोगा नाहीं. जुनी तार आपल्यासाठीं काय काय करीत होती हें समजल्यावांचून नवी घेणें म्हणजे जुन्या नोकरास त्याचीं कामें न विचारतांच निरोप देण्यासारखें आहे.

मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांत टेलिफोनचीं केंद्रें १८८२ सालीं उघडलीं. पुढें साधनें बदललीं. हातानें जोडणी करून देणारा ऑपरेटर गेला, आंकड्यांची चकती आली. चकती जाऊन बटणें आलीं. परंतु केंद्रापासून घरापर्यंत येणारा तांब्याच्या दोन तारांचा जोड मात्र टिकून राहिला. या दोन तारा एकमेकींस पीळ घालून नेलेल्या असतात, आणि हा पीळ शोभेसाठीं नव्हे. शेजारून जाणाऱ्या विजेच्या तारांचा उपद्रव पिळामुळें दोन्ही तारांस सारखाच होतो आणि टोकाला जाऊन परस्पर नाहींसा होतो. म्हणून दुरुस्ती करतांना पीळ फार उलगडूं नये. जोडाला लागेल तेवढाच सोडावा.

फोनमध्यें खरखर होऊं लागली कीं सगळी तारच बदलावी, असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक दोष तारेंत क्वचित् असतो. तो बहुधा जोडांत असतो. आमच्याकडे वैशाखांत पारा ४२ अंशांच्या पुढें जातो. त्या तापानें तारेवरील वेष्टण कडक होऊन तडकतें, आणि भाद्रपदाच्या पावसांत त्या भेगांतून ओल आंत शिरते. मग तांब्यावर हिरवट थर चढतो. कल्हई उडालेल्या भांड्यांत ताक कळकतें, हें गृहिणींस ठाऊक आहे. त्याच जातीचा हा थर. दोष घरांत आहे कीं बाहेर, हें ओळखण्याची रीत सोपी आहे. तार घरांत जेथें प्रथम येते, त्या ठिकाणीं आंतील सर्व फांटे सोडवून एकच फोन थेट जोडावा. आवाज स्वच्छ आला तर दोष आंत आहे, तो आपण दुरुस्त करावा. खरखर तशीच राहिली तर दोष बाहेर आहे; तेथें आपण हात न लावतां कंपनीस कळवावें. माडीवर, ओसरीवर, दुकानांत असे पूर्वीं काढलेले व आतां बंद पडलेले फांटे काढून टाकावे. त्याच तारेवरून इंटरनेट घेतलें असेल तर असे रिकामे फांटे त्याची गति मंद करतात.

येथें एक सावधगिरीची सूचना. टेलिफोनच्या तारेंत ४८ व्होल्टचा प्रवाह असतो, तो सहसा जाणवत नाहीं; परंतु घंटा वाजते त्या वेळीं दाब सुमारें ७५ व्होल्टपर्यंत चढतो, आणि शिडीवर उभ्या असलेल्या माणसास तेवढा हिसका दचकविण्यास पुरे होतो. म्हणून काम करतांना तार प्रथम बाहेरून सोडवावी. विजांचा कडकडाट चालू असतां तर तिला शिवूंच नये. याहून मोठा धोका निराळा आहे. जुन्या घरांत लांकडाच्या एकाच पट्टींतून दिव्याची तार व टेलिफोनची तार शेजारीशेजारी नेलेली आढळते. दिव्याच्या तारेचें वेष्टण झिजलें कीं २३० व्होल्टचा प्रवाह टेलिफोनच्या तारेंत उतरूं शकतो आणि बोलणाऱ्याच्या हातांतच येतो. या दोहोंस स्वतंत्र नळी हवी. एकमेकींस ओलांडावयाचें झाल्यास काटकोनांत ओलांडावें. माळवदाच्या घरांत दगडमातीच्या भिंतींस टांके मारीत बसण्यापेक्षां भिंतीवरून साधी पट्टी न्यावी. भिंत शाबूत राहते व पुढील दुरुस्तीही सुलभ होते.

आतां कांचेच्या तंतूविषयीं. शांघाय येथें जन्मलेले शास्त्रज्ञ चार्ल्स काओ यांनीं १९६६ सालीं असें दाखवून दिलें कीं, कांच पुरेशी शुद्ध केली तर तिच्या तंतूंतून प्रकाशाच्या द्वारें संदेश फार दूरवर नेतां येतील. याबद्दल त्यांस २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. केंसासारख्या या तंतूंतून बोलणें, चित्रें, मुलांचा अभ्यास, सर्व एकत्र येतें. कांच कळकत नाहीं, आणि शेजारच्या विजेच्या तारेचा तिला उपद्रव नाहीं. मात्र तिला बोटाभोवतीं गुंडाळूं नये, आणि तुटलेल्या टोकांत डोळा लावून पाहूं नये. आंतला प्रकाश दिसत नसला तरी डोळ्यांस अपाय करूं शकतो.

हे गुण मान्य करूनही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तांब्याच्या तारेवरून केवळ बोलणें येत नव्हतें. फोन चालविणारी वीजही त्याच तारेवरून येत होती. केंद्रांत बॅटऱ्यांच्या रांगा असत, आणि गांवांतील दिवे गेले तरी माजघरांतला साधा फोन बोलत राही. कांचेंतून प्रकाश येतो, वीज येत नाहीं. नवी पेटी घरच्या विजेवर चालते. दिवे गेले कीं पेटी बंद, आणि पेटीबरोबर फोनही बंद. मोबाइल आहे, हें खरें. परंतु दोन हात जाडीच्या भिंतींआड त्याचा संदेश क्षीण होतो, आणि त्याची बॅटरी नेमकी संकटाच्या वेळीं उतरलेली असते, असा अनुभव कोणास नाहीं? मुलें पुण्याला, मुंबईला किंवा परदेशीं, आणि घरांत सत्तरी ओलांडलेलीं दोनच माणसें, अशीं घरें आज आपल्या शहरांत थोडीं नाहींत. रात्रीं वळवाचा पाऊस येतो, वीज जाते आणि एकाची छाती दुखूं लागते. अशा वेळीं १०८ किंवा ११२ हे आंकडे पाठ असून काय उपयोग, फोनच मुका असेल तर?

उपाय अवघड नाहीं. नव्या पेटीसाठीं लहानशी बॅटरी बाजारांत मिळते, ती पहिल्याच दिवशीं बसवून घ्यावी. वर्षांतून दोनदां, समजा पाडव्यास व दसऱ्यास, मुद्दाम वीज बंद करून फोन लागतो कीं नाहीं तें पाहावें. जुना चकतीचा फोन ठेवावयाचा असल्यास नवी पेटी त्याच्या खुणा ओळखते कीं नाहीं, हें आधीं विचारावें. सर्वच पेट्यांस त्या समजत नाहींत. आणि नवी सोय पारखून होईपर्यंत जुनी तार कापूं नये.

शेवटीं, काम संपल्यावर एका कागदावर घराचा आराखडा काढून कोणती तार कोठून कोठें गेली आहे, तें लिहून ठेवावें व तो कागद विजेच्या मीटरजवळ चिकटवावा. आपल्या मागून या घरांत राहणारास भिंत फोडून तार शोधावी लागणार नाहीं.