कोबे शहरातला शनिवार



२०२४ सालच्या ऑक्टोबरात आम्ही जपानमध्ये होतो. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सरकारी सुट्टी आली, तेव्हा कोबे हे बंदर पाहून यावे असे ठरले. तो शनिवार १२ तारखेचा. म्हणजे आपला दसरा. ज्यू लोकांचा योम किप्पूर, वर्षभराच्या पापांची क्षमा मागण्याचा उपवास, तोही नेमका त्याच दिवशी आला होता. हा उपवास निर्जळी. एका सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंतचा. पूर्वीच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातले आपले बेने इस्रायल, ज्यांचा घाणा शनिवारी बंद असे म्हणून गावकरी ज्यांना 'शनवार तेली' म्हणत, ते या दिवसाला 'दारफाळणीचा सण' म्हणत. दारे लावून घ्यावयाची आणि आत बसावयाचे, असा तो सण.

कोबे म्हणजे रोक्को डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये दाटून बसलेली पट्टी. परदेशी व्यापारासाठी हे बंदर १८६८ साली खुले झाले आणि परदेशी लोक डोंगराच्या उतारावर किटानो भागात राहू लागले. तासाभराच्या पायी फेरीत १९३५ सालची मशीद, १९८५ सालचे जैन मंदिर आणि १९७० साली बांधलेले सिनेगॉग, ही तिन्ही दिसतात. सिनेगॉगात जावे असे मनात होते. तो बेत आम्ही रस्त्यावरच सोडला. उपवासाच्या दिवशी प्रार्थनेला बसलेल्या माणसांना न्याहाळावयास जाणे बरे नव्हे.

पण आम्हांला येथे खेचून आणले होते ते १९४१ सालच्या एका प्रश्नाने.

१९४० च्या उन्हाळ्यात लिथुएनियातील कौनास शहरी जपानचे वकील चिऊने सुगिहारा यांनी, परराष्ट्र खात्याची संमती नसताना, दोन हजारांहून अधिक परवाने लिहून दिले. त्यांत पोलंडमधून पळून आलेले ज्यू पुष्कळ होते. ते सैबेरियाच्या रेल्वेने व्लादिवोस्तोकला, तेथून बोटीने त्सुरुगाला आणि मग कोबेला पोहोचले. परवाना केवळ जपानमधून पुढे जाण्याचा. आणि पुढे तर कोठलाच देश दार उघडीना. मुदत वाढवून घेण्यासाठी सेत्सुझो कोत्सुजी या हिब्रूच्या जपानी पंडिताने खटपट केली. निर्वासितांत मीर येथील धर्मपाठशाळेचे गुरू आणि शिष्य होते. घर गेले, गाव गेले, मागे राहिलेल्यांची खबर नाही. अशा स्थितीत या मंडळींना काळजी लागली ती कशाची? तर आज वार कोणता, याची.

हसू येते ना? आम्हांलाही प्रथम आले. पण स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी यांवरून ज्या घरांत दोन दिवस वेगवेगळी चूल पेटली आहे, तेथील माणसांनी फार हसू नये. शिवाय प्रश्न खरोखरच अवघड आहे. तिथी ठरते सूर्य-चंद्रांमधील अंतरावर, म्हणून ती साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी बदलते. त्या शनिवारी दशमी लागली तेव्हा मुंबईत सकाळचे अकरा वाजत आले होते आणि कोबेत दुपारचे अडीच, फरक एवढाच. वाराचे तसे नाही. वार पृथ्वीला प्रदक्षिणा घालतो, आणि कोठे तरी रेघ मारून 'येथून पुढे दुसरा वार' असे म्हणावेच लागते. ही रेघ कोठे मारावी हे आकाश सांगत नाही.

व्यवहाराने ती पॅसिफिक महासागरात मारली आहे. धर्मशास्त्राला ती मान्य असेलच असे नाही. ते जेरुसलेमपासून मोजणार. एक मत असे, की रेघ जेरुसलेमपासून अर्ध्या पृथ्वीइतकी दूर, म्हणजे हवाईच्याही पलीकडे. मग जपानचा शनिवार तो शनिवारच. दुसरे मत, की ती नव्वद अंश पूर्वेला, म्हणजे सुमारे १२५ रेखांशावर. मग जपान रेघेच्या पलीकडे पडते आणि तेथला रविवार हा खरा शनिवार होतो!

रविवारी आम्ही कोबेहून गाडीने पाव तासावरच्या आकाशी गावी गेलो. नाव मराठी कानाला गोड वाटते, आणि गावात तारांगणही आहे. जपानचे घड्याळ ज्या १३५ रेखांशावर लावतात तो येथूनच जातो, आणि तारांगण त्या रेखांशावरच उभे आहे. म्हणजे जेरुसलेमपासून आम्ही जवळजवळ शंभर अंशांवर होतो. दुसऱ्या मताच्या रेघेच्या दहा अंश पलीकडे.

१९४१ सालचा योम किप्पूर जपानी गणतीने बुधवारी, १ ऑक्टोबरला येत होता. कोबेहून जेरुसलेमला तार गेली. मुख्य धर्मगुरू हर्झोग यांनी पंडितांची सभा बोलावली. निर्णय झाला, उपवास बुधवारी. पण बेने ब्राक येथील अव्राहम येशाया करेलित्झ, ज्यांचा शब्द पाठशाळेतील मंडळींना फार मोठा, त्यांचा निरोप आला की बुधवारी जेवा आणि गुरुवारी उपवास करा. आता करावे काय? एकाचे ऐकावे, तर दुसऱ्याच्या मते वर्षातील सर्वांत पवित्र दिवशी जेवल्याचे पाप पदरी येते.

बहुतेक निर्वासित तोवर शांघायला रवाना झाले होते. शांघाय १२१ रेखांशावर. दोन्ही रेघांच्या अलीकडे. तेथे बुधवार हा बुधवारच होता. मागे कोबेत जे थोडे उरले होते, त्यांतील काहींनी बुधवार धरला, काहींनी गुरुवार. आणि काहींनी मंगळवारच्या सूर्यास्तापासून गुरुवारच्या रात्रीपर्यंत, सलग दोन दिवस, पाण्याचा थेंब घेतला नाही.

आमच्याबरोबरचे एक गृहस्थ म्हणाले, "जीव वाचला, तेवढे पुरे नव्हते का?" आम्हांला तसे वाटले नाही. परवान्याची मुदत अधिकाऱ्याच्या हाती होती, बोट कंपनीच्या हाती. बुधवारी जेवावयाचे की नाही, एवढेच काय ते त्यांच्या हाती उरले होते.