बॅटरी गेली, असं म्हणण्याआधी

आज गटाच्या हप्त्याचं किंवा बँकेच्या कागदांचं काही सांगणार नाही. आज लहान मुलांच्या बॅटरीवर चालणाऱ्या गाडीबद्दल बोलायचंय. ज्यात बसून पोरं पायाने बटण दाबतात आणि अंगणभर फिरतात, ती. तुम्ही म्हणाल, ताईंना आज काय सुचलं! पण आमच्या गटातल्या एका वहिनींची मिळकत त्याच गाड्यांवर आहे, आणि त्यात माझी एक चूक झाली. तीच सांगते.

वहिनींनी गटातून चौदा हजार उचलून दोन जुन्या गाड्या घेतल्या. जत्रेत, आठवडी बाजारात एक फेरी वीस रुपये. उन्हाळ्यात धंदा छान झाला, हप्ते वेळेवर आले. पाऊस लागला तशा गाड्या गोठ्यात गेल्या, त्या थेट दिवाळीनंतर बाहेर निघाल्या. जत्रा पंधरा दिवसांवर आणि दोन्ही गाड्या ढिम्म. मी गेले, पायाचं बटण दाबून पाहिलं, आवाज नाही. म्हटलं, "वहिनी, बॅटऱ्या गेल्या. नव्या आणा." जणू मी मेकॅनिकच! वहिनींनी तालुक्याहून दोन बॅटऱ्या आणल्या, बावीसशे रुपये गेले. एक गाडी पळाली. दुसरी तशीच. सासूबाई म्हणाल्या, "खेळण्यावर कुणी कर्ज काढतं का?" वहिनी माझ्याकडे बघत होत्या आणि मला काही बोलता येईना.

गटातल्या एका ताईंची मुलगी आयटीआयला वायरमनचा कोर्स करते. ती मीटर घेऊन आली. बॅटरीवर लाल-काळ्या तारा टेकवल्या, आकडा ठीक होता. मग बॅटरीजवळचा फ्यूज उघडला, तर आतली पट्टी हिरवी पडून तुटलेली. गोठ्यातल्या ओलीनं. वीस रुपयांचा फ्यूज घातला, टोकं घासली, गाडी चालू! मग तिनं बाजूला काढलेली जुनी बॅटरी मोजली, तर तीही जिवंत. फ्यूज तुटल्यामुळे तिच्यातून वीज वाहिलीच नव्हती, म्हणून ती टिकली. पहिल्या गाडीचं बटण मात्र चार महिने चालूच राहिलं होतं, ती बॅटरी खरोखर मेली होती. म्हणजे बावीसशेपैकी अकराशे माझ्या तोंडच्या वाक्यापायी गेले. मी मानधनातून द्यायला गेले, वहिनींनी साडेपाचशेच घेतले. म्हणाल्या, "मीही न मोजताच पैसे दिले ना."

आता त्या मुलीनं आम्हाला जे शिकवलं ते सांगते. तुमच्या घरीही मामानं वाढदिवसाला दिलेली अशी एखादी गाडी कोपऱ्यात पडली असेल.

सगळ्यात आधी फुकटातलं बघा. चार्जरची पिन गाडीत तशीच आहे का? बहुतेक गाड्या पिन लावलेली असताना चालतच नाहीत. रिमोटवाली गाडी असेल तर एक छोटं बटण असतं, ते रिमोटकडे असलं की पायाचं बटण काम करत नाही. पोरं ते हमखास फिरवून ठेवतात!

मग मीटर. साधा मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. त्याचा काटा डीसी वीस व्होल्टवर ठेवायचा. गाडीत बहुतेक बारा व्होल्टची बॅटरी असते, लहान गाडीत सहाचीही असते. अंगावर छापलेलं असतं. बाराची बॅटरी चार्ज करून तासभर ठेवल्यावर साडेबाराच्या वर दाखवली पाहिजे. रात्रभर चार्जिंग करूनही बाराच्या खालीच राहिली, तर बॅटरीला नावं ठेवण्याआधी चार्जर मोजा. चार्जरच्या बारीक पिनेवर बारापेक्षा जास्त आलं पाहिजे. तिथेच शून्य असेल तर बॅटरीचा काय दोष? पण बायांनो, मीटर फक्त ह्या बारीक पिनेवर लावायचा. भिंतीतल्या सॉकेटमध्ये अजिबात घालायचा नाही.

चाकं उचलून धरली तर फिरतात, मूल बसलं की गाडी बसकण मारते, असं असेल तर बॅटरी थकली. आकडा ठीक आणि तरी आवाज नाही, तर फ्यूज, मग सुटलेली तार, मग पायाखालचं बटण. तार उंदरानं कुरतडलेलीही सापडते. मोटार घुमते पण चाक जागचं हलत नाही, तर आतली प्लास्टिकची दातेरी चक्री झिजली. तिथे मात्र दुरुस्तीवाल्याकडेच जा.

फ्यूजबद्दल एक नक्की सांगते. घरच्या कटआउटला आपण तारेचा तुकडा बांधून वेळ मारून नेतो. इथे तसं करू नका. गाडी अडकली, मूल बटण दाबून बसलं, की तारा तापतात आणि मूल त्या बॅटरीच्या वरच बसलेलं असतं. जुन्या फ्यूजवर जेवढ्या अँपिअरचा आकडा असेल तेवढ्याचाच नवा घ्या. काही गाड्यांचा फ्यूज तापला की आपोआप तोडतो आणि थंड झाला की जोडतो. तशी गाडी भर उन्हात मधेच थांबली तर दहा-पंधरा मिनिटं सावलीत ठेवा.

गाडी बंद ठेवायची असेल तर आधी पूर्ण चार्ज करा, बॅटरीची एक तार सोडून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. आम्ही ते गटाच्या बैठकीच्या दिवसाला बांधून टाकलंय, म्हणजे विसरायला नको. चार्जिंग पोरं झोपतात त्या खोलीत नको, उघड्या ओसरीवर करा. मेलेली बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, आत शिसं आणि आम्ल असतं. बॅटरीच्या दुकानात दिली तर वजनावर थोडे पैसेही सुटतात.

वहिनींची जत्रा झाली. तिसरी बॅटरी जास्तीची म्हणून बरोबर नेली होती. एक उतरली की दुसरी घालायची, त्यामुळे दोन्ही गाड्या रात्री दहापर्यंत फिरत होत्या. गटानं अडीचशेचा मीटर घेतलाय, तो पेटीत असतो. हवा असेल त्या बाईनं वहीत सही करून न्यावा आणि परत आणताना आठवणीनं बंद करून आणावा, मागच्या महिन्यात दोनदा त्याचाच सेल उतरला.